कायम पानाचे दावेदार

एका बाईंना मी एका ओळीचा मेसेज पाठवला आणि त्यांच्या मुलाच्या पानाची उरलीसुरली सोय माझ्या हातानं बुडवली. खरं तर एवढंच सांगायचं आहे. पण सरळ मुद्द्यावर येणं मला जन्मात कधी जमलं नाही, घरचेही ह्याच कारणानं वैतागायचे, तेव्हा जरा मागून येते.

मी पंचवटीत राहते. रामकुंडापासून चालत पाच मिनिटं, तीही माझ्या गुडघ्यांची पाच मिनिटं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयाची पुस्तकं आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. लग्नानंतर चार वर्षांनी श्राद्धाचा स्वयंपाक करायला लागले तो सत्तरीपर्यंत केला. लोक म्हणायचे, रोज रोज मेलेल्यांसाठी रांधून तुम्हाला कसंतरी होत नाही का हो? मला नाही झालं कधी. लग्नाच्या पंगतीत लोक नावं ठेवतात, मीठ कमी, जिलेबी गार. आमच्या पानाला आजवर कोणी नाव ठेवलं नाही.

तर गल्लीतल्या एका गुरुजींचे दोन पुतणे, एकमेकांचे चुलतभाऊ. थोरला बँकेत नोकरीला होता, धाकट्याचं शिक्षण कॉम्प्युटरचं. त्या दोघांनी ह्या कामाची रीतसर फर्म काढली. लांबच्या लोकांनी फोनवर सांगायचं, इथे श्राद्ध होणार, ब्राह्मण जेवणार, आणि वाढलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार. स्वयंपाकघर माझ्या हाताखाली, आम्ही पाच बायका. थोरल्यानं पहिल्याच दिवशी मला कागद दाखवला.

"काकू, ही साधी भागीदारी नाही बरं का. एलएलपी आहे. धंदा बुडाला तरी आमचं घरदार जात नाही. जेवढं भांडवल घातलं तेवढंच जातं."

मी म्हटलं, "आणि ज्यांनी तुला पैसे दिले, त्यांचं काय जातं रे?"

"काकू, शुभ बोला की! आधीच श्राद्धाचा धंदा."

हसलो आम्ही. मुलगा गोड होता, खोटं कशाला बोलू. आजही त्याच्याबद्दल वाईट बोलताना जीभ अडखळते माझी.

पुढे त्यांनी एक योजना काढली, कायम पान. एकदाच मोठी रक्कम भरायची, मग दर वर्षी त्या तिथीला पान वाढलं जाणार. भरणारा माणूस असो की नसो. माहितीपत्रकात ठळक लिहिलं होतं की मागे कोणी राहिलं नाही तरी पान राहील. ज्यांना मूलबाळ नाही, किंवा होतं आणि गेलं, असे लोक ते वाचून यायचे. ह्या पानांची वही मी लिहायचे. महिना, तिथी, नाव, गोत्र, आणि त्या माणसाला काय आवडायचं ते. एकाला जेवणाबरोबर अर्धा कप चहा लागायचा, एकीला पापड भाजलेलाच हवा, तळलेला चालायचा नाही. शास्त्रात बसत नसेल तरी मी पानाच्या बाजूला ठेवायचे. गुरुजी बघून न बघितल्यासारखं करायचे.

ह्या वहीत मार्गशीर्ष वद्य सप्तमीला एक नाव होतं. अकोल्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचा मुलगा. एकुलता एक, मोटारसायकलवरून पडून गेला, सव्वीस वर्षांचा. यजमान त्याच्या आधीच गेलेले. बाकीच्यांनी पैसे फोनवरून पाठवले, ह्या बाई मात्र स्वतः नाशकात आल्या. स्वयंपाकघर बघायचं म्हणाल्या. सगळ्या डब्यांची झाकणं उघडून बघितली, मास्तरीणच ती. मग पाटावर टेकल्या आणि मला विचारलं, "किती वर्षं वाढाल?"

"कायम."

"म्हणजे मी गेल्यावरही?"

"हो बाई, म्हणून तर कायम."

त्यांनी पर्समधून पावती काढून दाखवली. पाटल्या मोडल्या होत्या त्याची. म्हणाल्या, "मी आहे तोवर मी करीनच हो काहीतरी. माझ्यानंतर त्याचं नाव घेणारं कोणी नाही, एवढीच काळजी होती." जाताना दारातून परत आल्या. "ताई, त्याला लोणच्याचा नुसता खार लागायचा. फोड वाढू नका." ते मी वहीत लिहून घेतलं.

आता फर्म कशी बुडाली ते मला नीटसं कळलेलं नाही, आणि कळलंय तेवढं सांगण्यासारखं नाही. सिंहस्थाची गर्दी येणार म्हणून दोघांनी गंगापूर रोडच्या बाजूला यात्रेकरूंसाठी इमारत बांधायला घेतली. बँकेचं कर्ज घेतलं. कायम पानाचे पैसेही त्यातच घातले, हे नंतर समजलं. दोन मजले झाले आणि काम थांबलं. आमचे पगार एक महिना, दोन महिने, असे पाच महिने थकले. आमच्यात एक देवळ्याकडची बाई होती, पुरण वाटण्यात तिचा हात कोणी धरायचा नाही. ती म्हणायची, "काकू, थोरला निसता बघतो बघतो म्हनतो. बघून लय झालं, आता द्यायला सांगा त्याला."

मग एक दिवस थोरल्यानंच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी माझी विळी घेतली, वही घेतली, स्वयंपाकघराचा फोन घेतला आणि पानाशेजारी ठेवायच्या छापील कार्डांचा गठ्ठा घेतला. प्रत्येक फोटोत पानाशेजारी ते कार्ड असायचं, वर फर्मचं नाव, खाली गेलेल्याचं नाव लिहायला रेघ. चोरून नाही घेतलं काही, सगळ्यांच्या देखत पिशवीत भरलं. कोणी विचारलं नाही. थोरला खिडकीत पाठमोरा उभा होता.

बऱ्याच लोकांना फर्मचं कळलं. मुलं-सुना होत्या, फोन झाले, भांडणं झाली. पण वहीत अकरा नावं अशी होती की ज्यांच्या मागे एखादं म्हातारं माणूस, बाकी कोणी नाही. मी मनाशी म्हटलं, तिथी काय फर्म बघून थांबणार आहे? पेन्शन येते यजमानांची. महिन्याला एखादं पान, फार तर दोन. घरीच करीन. गवार, कारलं, भोपळा, खीर, वडे, आमसुलाची चटणी. गल्लीतले दुसरे एक वयस्क गुरुजी जेवायला येत, दक्षिणा देऊ ती घेत. वाढून झालं की नेहमीसारखं कार्ड ठेवायचं, फोटो काढायचा, पाठवायचा. कार्ड न ठेवता पाठवला तर लोक विचारतील, मग सांगावं लागेल, मग त्यांचा जीव खालीवर होईल. मला ते नको होतं. बरं काम करतेय असंच वाटत होतं मला, मनात जरादेखील शंका नव्हती.

मध्यंतरी मुंबईच्या न्यायाधिकरणाकडून फर्म मोडीत काढायचा हुकूम आला आणि पुण्याची एक मुलगी लिक्विडेटर म्हणून नेमली गेली. मुलगीच म्हणायची, पस्तिशीची असेल. आम्हा बायकांना तिनं बंद स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बोलावलं आणि समजावून सांगितलं. फर्मचं जे काही आहे ते विकायचं. बुडायच्या आधी भागीदारांनी जे पैसे काढून घेतले तेही परत मागवायचे, आणि ते तिनं मागवलेही, धाकट्याची गाडी त्यातच गेली. मग आलेला पैसा रांगेनं वाटायचा.

"आधी ह्या सगळ्या कामाचा खर्च," ती म्हणाली. "मग बँक आणि तुम्ही कामगार, एका पायरीवर. मग बाकीचे. आणि अगदी शेवटी भागीदार."

देवळ्याची लगेच म्हणाली, "म्हंजी थोरला आमच्या मागं? मग रांग बरी हाय!"

सगळ्या हसल्या. मी विचारलं, "बाकीचे म्हणजे कोण गं?"

"वाणी, गॅसवाला. आणि आगाऊ पैसे भरलेले ग्राहक. आजी, एक लक्षात ठेवा, दावा ज्याचा त्यानं करायचा. मुदतीत फॉर्म आला नाही तर मी त्यांचं नाव आपणहून लावू शकत नाही."

हे तिनं अगदी स्वच्छ सांगितलं होतं. मी आमच्यापुरतं ऐकलं. आमचे पाच फॉर्म भरले, देवळ्याचीचा अंगठा नव्हे, सही, तिनं ठासून सांगितलं, "सही करते मी." आणि घरी आले. माझी अकरा माणसं त्या 'ग्राहक' शब्दात बसतात, हे डोक्यातच आलं नाही. मी त्यांना ग्राहक कधी म्हटलंच नव्हतं ना.

मग आली मार्गशीर्ष वद्य सप्तमी. पान वाढलं, खार वाढला, फोटो गेला. गुरुजींना वाढायला आणखी गरम वडे तळत होते तेवढ्यात फोन वाजला. बाईंचा मेसेज. शिक्षिका, त्यामुळे पूर्णविरामासकट. 'ताई, पान पाहिले. समाधान झाले. फर्मच्या नावाचा एक जाड लिफाफा आला आहे, सगळे इंग्रजीत आहे. काही करायचे आहे का?'

माझ्या हाताला पीठ होतं. आजच्या दिवशी, मुलाच्या तिथीच्या दिवशी, ह्या बाईला काय सांगू, की फर्म बुडाली? उद्या सांगू, असं ठरवलं. करंगळीनं टाईप केलं, 'पान झालं, काळजी नसावी.' त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

उद्या मला सर्दी झाली. परवा काहीतरी दुसरं. सांगायचं टाळत होते असंही नाही म्हणता येणार, कारण टाळायला आधी आठवावं लागतं. मी विसरले. आणि काय सांगू, बरं वाटलं होतं मला त्या हात जोडल्याचं.

दीड महिन्यानं ती लिक्विडेटर माझ्या घरी आली. कायम पानाची वही माझ्याकडे आहे हे तिला थोरल्यानं सांगितलं होतं. चहा घेतला, वही मांडीवर घेतली, आपल्या यादीशी एकेक नाव लावून बघितलं. मधेच म्हणाली, "आजी, अक्षर छान आहे तुमचं." मग परत पहिल्या पानापासून यादी लावून बघितली.

"ह्या अकरा जणांचे दावे आलेलेच नाहीत. पत्रं तर सगळ्यांना पोचलीत, पोच आहे माझ्याकडे. एकानंही फोन केला नाही, हे कसं काय?"

तिची नजर फडताळाकडे गेली. कार्डांचा गठ्ठा तिथेच होता, वर शाईचं पेन.

"हे काय?"

"पानाशेजारी ठेवते."

"म्हणजे अजून?"

तिनं कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. बाईंचा मेसेज काढून दाखवला, त्याखाली माझाही. तिनं दोन्ही वाचले.

"आजी, मुदत संपून तीन आठवडे झाले."

"मला वाटलं, कळलं तर त्यांना वाटेल पान थांबलं."

"पान तुम्ही वाढलंच असतंत. फक्त हे कार्ड ठेवायचं नव्हतं."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. जाताना तिनं मार्ग सांगितला. न्यायाधिकरणाकडे अर्ज करून उशीर माफ करून घेता येतो, पण उशीर का झाला ते लेखी लागेल.

"मी लिहून देते."

"बंद झालेल्या फर्मचं नाव आणि फोन तुम्ही वापरत होतात, हेही मग कागदावर येईल. तुमचा स्वतःचा दावा आहे, आजी. विचार करा."

"येऊ दे गं. खरंच आहे ते."

ह्या एका वाक्याला कोणी मोठेपणा देऊ नका. माझी काय तुरुंगात जायची भीती, ह्या वयात? खरी भीती होती ती अकोल्याला फोन लावायची. तो मी दोन दिवस लावला नाही. लावला तेव्हा उभी राहूनच बोलले.

बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मी तुम्हाला विचारलं होतं ना, ताई?"

"हो."

"स्पष्ट विचारलं होतं. काही करायचं आहे का."

"हो बाई."

"फर्म तेव्हा बंद होती."

"होती."

"मग ती पानं कोणाच्या पैशानं झाली?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "उपकार झाले म्हणू की काय म्हणू, मला समजत नाही." मग म्हणाल्या, "मी नोव्हेंबरात घर विकलं. इथे वृद्धाश्रमात आले, पैसे सगळे अनामत म्हणून भरले. त्यातले थोडे बाजूला ठेवावेत असं मनात आलं होतं. पण म्हटलं, त्याच्या पानाची सोय तर झालेली आहे. चालूच आहे. डिसेंबरात तुमचा फोटो आला, आणि मी शेवटचा हप्ताही भरून टाकला."

तोवर मला वाटत होतं, गेला तो नुसता एक फॉर्म.

"परत मिळत नाही का हो ते?"

"मी गेल्यावर आश्रमाला जातात. तसं लिहून दिलंय."

अर्जाचं काम मात्र आम्ही दोघींनी केलं. मी माझं निवेदन मराठीत लिहिलं, लिक्विडेटरनं इंग्रजी करून घेतलं. बाईंनी पाटल्यांच्या पावतीसकट सगळे कागद पाठवले, एकेका कागदाला क्रमांक घालून. बाकीच्या दहांमधले दोघं तोवर वारले होते. एक आजोबा म्हणाले, जाऊ द्या हो, आता कुठे मुंबईच्या फेऱ्या. तिघांनी अर्ज केले, उरलेल्यांनी फोन उचलला नाही. मला कोणी काही केलं नाही. माझं नाव एका कागदावर आलं, एवढंच. कित्येक महिन्यांनी बाईंचा दावा दाखल करून घेतला गेला, पूर्ण रकमेचा. त्या दिवशी त्यांनी मला यादीचा फोटो पाठवला, आपल्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढून. मला रडू आलं. वाटलं, सुटले.

गंगापूर रोडची अर्धवट इमारत लिलावात गेली. तिची किंमत लोखंडाएवढी तरी येते की नाही अशी आली. कामाचा खर्च निघाला. मग बँकेला काही, आम्हा पाच जणींना काही. माझ्या खात्यात थकलेल्या पगाराचा थोडा भाग जमा झाला. पुढच्या पायरीपर्यंत पैसा पोचलाच नाही. वाणी, गॅसवाला आणि कायम पान, सगळ्यांच्या पुढे शून्य. लिक्विडेटरनं स्वतः फोन करून सांगितलं. चांगली मुलगी आहे ती.

"आजी, मनाला लावून घेऊ नका. त्यांनी वेळेवर भरला असता तरी हेच झालं असतं."

"त्यांना वेळेवर कळलं असतं तर?"

तिनं शेवटच्या यादीची प्रत पोस्टानं पाठवते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

दोघा भावांची घरं आहेत तिथेच आहेत. थोरला मला भाजीबाजारात दिसला, मेथीची जुडी निवडत होता. मला बघून वाकून नमस्कार केला, मीही आशीर्वाद दिला, सवयीनं गेला तोंडातून. घरी येऊन स्वतःचाच राग आला.

मिळालेले पैसे मी बाईंना पाठवायचं ठरवलं. त्यांनी घ्यायला नकार दिला. मी म्हटलं, मग ते देवळ्याचीच्या नावावर ठेवते, ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, ती वाढेल. देवळ्याची तयार झाली. म्हणाली, "वाढीन की. पन मला पंचांग नाय कळत काकू, तुम्ही नसल्यावर तिथी कोन सांगनार?" तेही बाईंना सांगितलं, मजा म्हणून. त्या हसल्या नाहीत.

"ताई, तुमचं वय काय?"

"एकाहत्तर."

"मी अडुसष्ट." त्या म्हणाल्या. "आता कोणाच्या नावानं काही ठेवू नका. मला परत एकदा कोणाच्या भरवशावर राहायचं नाही."

"मी आहे तोवर मी वाढतेच, बाई."

"वाढा. तुमचा हात मी कसा धरू. पण मला फोटो पाठवू नका. फोटो आला की मला वाटतं सगळं ठीक आहे." मग म्हणाल्या, "इथे अकराला जेवणाचा डबा येतो. मागच्या बाजूला एक भिंत आहे. त्या दिवशी त्यातला मूठभर भात भिंतीवर ठेवला तर चालेल का, ते ऑफिसात विचारते. कावळे फार येतात म्हणून इथल्या लोकांनी मनाई केली आहे."

ह्या वर्षीची सप्तमी होऊन गेली. मी पान वाढलं, गुरुजी जेवून गेले, फोन फडताळावरच ठेवला. त्यांना आश्रमात परवानगी मिळाली का, हे विचारायला रोज हात फोनकडे जातो. अजून विचारलेलं नाही.